पान दोनशे बारा

पाचपावलीच्या प्रेसमध्ये कूलर नुसता आवाज करतो.
मी मुद्रितं तपासतो. पानामागे आठ रुपये.
या वेळी कादंबरी आहे दूरच्या देशाची,
जिथं कुणी बसायचं ते बाकावरच लिहिलेलं असायचं
आणि खिशात पास नसला
की चालणं हाच गुन्हा.

नायक म्हणता येणार नाही, पण सगळं त्याच्याभोवती फिरतं :
तेबोहो. वय एकोणीस.
टाइप करणारा पोरगा दर तिसऱ्या पानावर 'तेबेहो' करतो,
मी लाल शाईनं दुरुस्त करतो.
चाळीस वेळा एकाच पोराचं नाव बरोबर लिहिलं
की तो आपल्याच गल्लीतला वाटायला लागतो.

रात्री पत्रकं छापतो, दिवसा आईशी भांडतो.
नखं कुरतडतो, रक्त येईस्तोवर.
सभेत सगळ्यांत कडक बोलतो
आणि परतताना कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो.
(इथं मी समासात काही लिहिलं नाही.
तक्षशीलही कुत्र्यांना भ्यायचा.)

अनुवादक सर 'वर्णभेद' लिहितात.
शब्द बरोबर आहे. फार धुतलेला आहे.
आमच्याकडे त्याला शब्द नव्हता, अख्खं वाक्य होतं :
"पानी वरतून टाक, गिलासाले हात नोको लावू देऊ."

पान दोनशे बारा.
अकरा रात्री जागं ठेवल्यावर
तेबोहो तीन नावं सांगतो.
मराठीत पुढे : तो फितूर झाला.
परिच्छेद संपतो.
मूळ इंग्रजीत मध्ये एक ओळ आहे,
सरांकडून गळलेली :
तिसरं नाव मेलेल्या माणसाचं होतं.

मी चष्मा काढला.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकलं. गरज नव्हती.

त्या डिसेंबरात अधिवेशनावर मोर्चा होता,
टी-पॉइंटला बांबू बांधलेले,
रस्ताभर संत्र्यांची सालं आणि चपला.
तक्षशीलला उचललं.
सहाव्या दिवशी सुटला तेव्हा
डाव्या हाताची मूठ वळत नव्हती.
त्यानं नावं दिली, हे साऱ्या इंदोऱ्याला माहीत.
कोणती, ते कुणी नीट पाहिलं नाही.
एक जण महिन्याआधीच पुण्याला गेलेला.
दुसरा आधीपासूनच आत होता.

पत्रक मी लिहिलं होतं.
शाई माझ्या बोटांना होती.
माझं दार कुणी वाजवलं नाही.

आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, चारचौघांत,
तो शब्द पहिल्यांदा काढला तो मीच.
तक्षशीलनं प्लेट खाली ठेवली, अर्धी.
"जाऊ दे ना बे," म्हणाला,
दोघांचे पैसे दिले, गेला.
सतरा वर्षं.

गळलेली ओळ मी समासात लिहिली, बाण काढला.
मग 'फितूर'खाली रेघ मारली
आणि पुढे काय लिहावं सुचेना.
पेन तिथंच टेकलेलं, लाल ठिपका पसरत गेला,
मागच्या पानावरही उमटला.
सरांना फोन केला.
"पान वाढेल का हो त्यानं?"
"एक ओळ वाढते, सर."
"बघा, जमलं तर बसवा."

भर दुपारी सायकल काढली.
कामठी रोडवर तो मोटारी गुंडाळतो, पंख्याच्या, पंपाच्या,
एका हातानं तार धरून, दुसऱ्यानं फिरवत.
हे मला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं.
शटर अर्धं खाली.
आतून पोरगं म्हणालं, "भाऊ जेवाले गेले. काही काम होतं काय?"
"कूलरची मोटार आहे. नुसता आवाज करते."
"मंग आना ना."

मी उभाच राहिलो.
दुकानाच्या पायरीवर, सावलीच्या पट्ट्यात,
एक खरजेलं कुत्रं झोपलं होतं.
त्याच्यापुढे स्टीलच्या झाकणात पाणी
आणि पोळीचे तुकडे,
कुणीतरी बारीक करून ठेवलेले.