सेंटर, अधिक सहा

खोक्यावर पाचशे वॅट लिहिलेत.
खरे किती, ते वीज मंडळाला ठाऊक.
साडेअठरा हजार. वायरी वेगळ्या.
सांगलीतून मिरजेला वडापमध्ये आणला
मांडीवर घेऊन; शेजारची बाई म्हणाली,
जड आहे का हो बाळ?

पहिल्या रविवारी त्याचा माइक सोफ्यावर ठेवला,
पोह्यांच्या डब्यावर, म्हणजे कानाच्या उंचीला.
पंखा बंद. कुणी बोलायचं नाही.
त्रिशलानं कुकरसुद्धा उतरवला.
मग एकेका स्पीकरमधून पीप, पीप,
आणि तेलात मोहरी पडावी तशी खरखर.

मला हे नवं नाही.
कानाच्या दवाखान्यात बावीस वर्षं
मी काचेच्या अलीकडे बसतो.
पलीकडे कुणीतरी, हेडफोन लावून, हातात बटण धरून.
आवाज आला की दाबायचं. बारीक आला तरी.

निकाल आला:
डावा दोन मीटर दहा. उजवा दोन चाळीस.
सबवूफर सात मीटर साठ,
म्हणजे भिंतीपलीकडं, चौगुल्यांच्या मोरीत.
सबवूफर माझ्या पायाशी होता.
श्रेयांस हसून लोळला.
आकडा मी हातानं बदलला. स्वस्तातलं यंत्र;
थोडं त्याचं ऐकायचं, थोडं आपलं.

तक्रारी आहेत. तापतो इतका
की थंडीत मांजर दुसरीकडे झोपत नाही.
दिवे मंद झाले की आपला आपण बंद पडतो
आणि पडद्यावर शहाण्यासारखं लिहितो: संरक्षण.
मारामारीत भांडी हलतात,
पण माणसं बोलायला लागली की
शेजारच्या खोलीत कुजबुजल्यासारखी.

आणि मुख्य म्हणजे, सेटिंग टिकत नाही.
सेंटर मी शून्यावर ठेवायचो.
आठवड्यानं बघावं तर अधिक दोन.
पुन्हा शून्य. पुन्हा अधिक तीन.
दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, व्होल्टेज.
स्टॅबिलायझर घेतला, अठराशेचा.
अधिक चार.
दिवाळीनंतर अधिक सहा.

शेवटी पिशवीत घालून
स्टेशन रोडला इक्बाल मुल्लाकडं नेला.
त्यानं झाकण काढलं, फुंकर मारली,
मांजराचे केस निघाले तेवढेच.
मग रिमोट उलटसुलट करून म्हणाला,
ह्याला काय झालेलं नाही, मगदूमसाहेब.
हे एक बटण बघा की.
बाकी सगळी काळी,
आणि सेंटर वाढवायचं घासून पांढरं झालंय.
घरात दुपारी कोण असतं?

पैसे घेतले नाहीत त्यानं.
मी पिशवी घेऊन चालत आलो.

कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई
हल्ली विचारते, किती झाल्या?
फोन स्पीकरवर टाकते.
मी बोललो की माझ्या तोंडाकडं बघत राहते;
सव्वीस वर्षं झाली लग्नाला,
मला आपलं वाटायचं, प्रेम.

परक्यांचे हजारो कान तपासले.
घरातला एक
साडेअठरा हजारांच्या डब्यानं तपासला,
एका वेळी एक बटण,
आणि मी दर रविवारी निकाल पुसत राहिलो.

रात्री वायरी जोडल्या.
सेंटर आहे तिथंच ठेवला.
ती म्हणाली, झाला का दुरुस्त?
मी तिच्याकडं तोंड करून, सावकाश म्हणालो, झाला.

सोमवारी केसपेपर काढला, नंबर एकोणीस.
साडी नीट करून ती काचेपलीकडं बसली,
शाळेतल्या तोंडी परीक्षेला बसावी तशी.
मी डायल फिरवला. एक हजार: दाबलं.
दोन हजार: जरा थांबून, दाबलं.
चार हजारला काहीच नाही.
वाढवला. नाही. अजून वाढवला.
तिनं काचेतून माझा चेहरा बघितला.
मी हात खाली घेतला, आवाज बंद केला,
कागदावर खूण करायला पेन शोधत होतो

आणि तेवढ्यात
तिनं बटण दाबलं.