पहिल्या कुत्र्याचं नाव

डुलुथच्या पोस्टातून व्हर्ना हाल्वर्सन
बर्फ तुडवत परततेय.
हातमोज्यात रजिस्टर पत्राची पावती, अकरावी.
मी मीच आहे, हे पुन्हा एकदा लिहून दिलंय.

फ्लोरिडात तिच्या नावावर एक बोट आहे,
दोन इंजिनांची.
हिला पोहताही येत नाही.

बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली,
कुणाची दमडी बुडवली नाही.
परवा नवा घरमालक कागद चाळून म्हणाला,
बाई, तुमची पत बघता खोली नाही देता येणार.
नोटरीचे पैसे वेगळे,
आणि फोन कानाला लावून बसलेल्या दुपारी,
त्या कुठल्या खात्यात मांडायच्या?

काल एकदाचा माणूस बोलला पलीकडून.
फक्त खात्री करतो, म्हणाला,
पहिल्या कुत्र्याचं नाव?
बिस्किट.
चूक.
उत्तर मार्चमध्येच बदललंय तुम्ही.

तेव्हापासून भांडी विसळता विसळता
ती मधेच थांबते.
रस्टी? स्किपर? मोझेस?
मागचं दार उघडून
अंधारात एकेक नाव टाकत राहते,
न पाळलेलं एखादं कुत्रं
ओळख दाखवत येईल म्हणून.