हर्णै फीडर

मी वाशीमकडचा. इथं वायरमन म्हणून आलो
तीन वर्षांसाठी, ऑर्डरीत तसंच होतं.
एक ट्रंक, एक पकड, आणि आईने विणलेला
मरून स्वेटर. त्याला पहिल्याच साली बुरशी धरली.
डांबरगोळ्या मागितल्या तर बुटालाशेठ म्हणाले, स्वेटर?
आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर.

आमचं ऊन वेगळं. कोरडं, चव्वेचाळीस डिग्रीचं,
सरळ डोक्यात काठी घालणारं.
इथलं ऊन शेजाऱ्यासारखं अंगाला लागून बसतं,
उठा म्हटलं तरी उठत नाही.
पहिला उन्हाळा मी दिवसातून चारदा आंघोळ केली
आणि चारदा बदलीचा अर्ज लिहिला.

खांबावर चढलं की गाव कुणीकडे कललंय ते कळतं.
माड कललेत, कुंपणं कललीत,
दोरकुळकरांच्या आजारी बाबल्याची खाटसुद्धा
खिडकीशी तिरकी ओढलेली.
पाजेच्या पत्र्यांवर सुकट वाळते,
आणि खाली बंदरावर चारच्या सुमारास लिलाव.
रुखमी चोगले शेपटीकडे बघून सांगते
सुरमई रात्रीची की सकाळची.
मला मासा खायला तिनेच शिकवलं.
म्हणाली, काटा तेवढा सांभाळ, बाकी आपोआप जातं.
हे तिने जगण्याबद्दल सांगितलं नव्हतं,
बांगड्याबद्दल सांगितलं होतं.

मीठ इथं जेवणात कमी, तारेवर जास्त.
चिनीमातीच्या इन्सुलेटरवर त्याचा थर बसतो,
दव पडलं की मध्यरात्री निळं तडतडतं,
आणि होमस्टेतले पाहुणे बोट दाखवून विचारतात,
काजवे का हो?
मी हो म्हणतो. सकाळी शिडी लावून काजवे पुसतो.

गंज तर विचारू नका.
सायकलची साखळी, चाव्या, खिडकीचे गज, माझा डावा गुडघा.
कुलूप दरवर्षी नवं घ्यायचो,
पाचव्या वर्षी घ्यायचं राहून गेलं,
मग लक्षात आलं, कुणाचंच काही अडलं नाही.

बाबा एकदाच आले. जिनिंगमध्ये काट्यावर होते,
गाडी नुसती बघून क्विंटल सांगायचे.
अर्धा तास वाळूत उभे. तोंडातून शब्द नाही.
मग म्हणाले, एवढं पाणी, पण एका जागी बसत नाही बा.
रात्री भातावर वरण मागून घेतलं, सोलकढीला नाक मुरडलं,
पहाटे मात्र मला सापडले ते ओहोटीच्या चिखलात,
धोतर वर खोचून, एका खेकड्याशी बोलताना.
गावी जाऊन आईला सांगितलं म्हणे,
पोरगं आता येत नाही.
मला तसं काही बोलले नाहीत.

अर्ज अजून ड्रॉवरमध्ये आहे.
दमटपणाने तो मागच्या वीजबिलाला चिकटलाय,
सोडवायला गेलो तर सही फाटेल.

जोडून सुट्ट्या आल्या की रिसॉर्टवर गाड्यांची रांग.
सगळ्या खोल्यांतले एसी एकदम सुरू,
आणि साडेदहाला डीपीचा फ्यूज जातो.
फोन येतात. मी टॉर्च घेऊन जातो.
अंधारात चिंचवडचे, नगरचे, कुठकुठले लोक
चड्ड्यांवर, टॉवेलवर, बाहेर येऊन उभे,
आधी माझ्या खात्याला शिव्या घालतात,
मग डासांना, मग एकमेकांना,
मग हळूहळू बोलणं संपतं.
फ्यूज बांधायला मला दोन मिनिटं लागतात.
मी सात घेतो.
हे रजिस्टरमध्ये नाही, आणि साहेबांना सांगू नका.
त्या वरच्या पाच मिनिटांत कुणीतरी
पायऱ्यांवर बसतं, कुणाचा तरी घाम वाऱ्यावर सुकतो,
आणि केवड्याच्या बनापलीकडून
इतका वेळ मशिनांनी झाकलेलं ते
पुढे येतं, मागे जातं.
परवा एका पोराने अंधारातून विचारलं,
काका, हा आवाज रोज असतो?
रोज, म्हटलं, आणि हँडल वर केलं.