माया

आज एकोणऐंशी पूर्णांक चार.
परवाही तेच.
गणपती उठले तेव्हा ऐंशी होतं,
आता माहीमच्या गल्लीत कंदील लागलेत.
एवढ्या दिवसांत सहाशे ग्रॅम:
फ्रीजमधली पनीरची तीन पाकिटं.

अनिरुद्धनं माझ्याबरोबरच सुरू केलं,
तुला सोबत म्हणून, म्हणाला.
त्याचे नऊ किलो गेले,
खिशातून रुमाल पडावा तसे, न कळता.
पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली त्यानं
आणि हातोडी ओट्यावरच विसरला.
चोरून काही खातेस का, असं विचारलं नाही.
फक्त साखरेचा डबा
वरच्या फळीवर गेलेला दिसला.

गोपी टँक मार्केटात देवकाबाई
सुरमई कापता कापता म्हणाली,
"दोनच तुकड्या? पाहुणे गेले वाटतं."
भात सोडलाय, सांगितलं,
तर कोयता हवेतच थांबला.
"अगो, मग कालवण कशाशी खातेस?"
चमच्यानं, म्हटलं.
तिनं एक तुकडी वर टाकली,
दुखवट्याच्या घरी काही द्यावं तशी,
पैसे न सांगता.

रात्री फ्लॉवर किसून वाफवते.
पांढरा, मोकळा, शीत न् शीत सुटं.
भाताचं सोंग छान वठतं,
पण वास कुठून आणू?
पावणेआठला पेडणेकरांचा कुकर तिसरी शिट्टी देतो.
आंबेमोहोर.
मला भिंतीतून कळतं.

पाळी हल्ली तिच्या मर्जीनं येते.
यायच्या आधी काटा दीड किलो चढतो,
गेल्यावर सव्वा उतरतो,
उरलेला पाव कुणाच्या खात्यावर,
ते डॉक्टर रेगे सांगत नाहीत.
म्हणतात, धीर धरा,
बायकांचं जरा सावकाशच होतं.
माहीत आहे, डॉक्टर.
बढतीचंही.

वॉर्ड ऑफिसात मी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर असते.
बाळांचं वजन फॉर्मवर लिहून येतं,
दोन किलो सातशे, तीन किलो शंभर.
गेलेल्यांचं कुणी विचारत नाही.
आकडा चुकला तर खोडायचा नसतो:
वरून एक रेघ, बाजूला सही.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी तेच करते.
ऐंशी पूर्णांक एक. रेघ. सही.
जणू कुणी तपासायला येणार आहे.

काल कंदिलाची वायर शोधताना
पलंगाखालच्या बॅगेत आईनं शिवलेला ब्लाउज सापडला,
चिंतामणी रंगाचा.
उलटा करून दिव्याखाली धरला.
आईनं माया भरपूर ठेवली होती,
दोन्ही कुशींना दोन दोन बोटं.
आत उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी.
पहिली लग्नातली.
दुसरी, मल्हार झाला त्यानंतरची.
तिसरी, आईची केमो चालू होती त्या वर्षीची,
हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मी उभ्यानं वडे खायचे
आणि वर जाऊन सांगायचे, जेवले गं.
चौथी कशाची, आठवत नाही.
काहीच घडलं नव्हतं बहुतेक.
तिथे माया संपली
आणि ब्लाउज बॅगेत गेला.

दार लावून घालून पाहिला.
हूक लागले. सगळे.
दंडाला काचला नाही,
आणि डाव्या कुशीत, खोटं नाही सांगत,
एक बोट सहज गेलं.
मी ते बराच वेळ तिथेच ठेवलं.

सकाळी काटा: एकोणऐंशी पूर्णांक चार.
लिहून ठेवलं.
मग सुई ओवायला बसले,
चष्मा असून तीनदा चुकली.
अनिरुद्धनं विचारलं, काय फाटलं?
काही नाही, म्हटलं.
चौथ्या ओळीच्या आत,
तिसरीला पोचत नाही अशी,
मधेच कुठेतरी एक शिवण घातली.
साधा धावदोरा.
उसवायला सोपा.