रॉकेलची विहीर

घोरपडीच्या यार्डामागे भिंतीला भगदाड आहे,
तिथून वाकून यायचं, म्हणाले इरण्णा फल्ले
आणि स्वतः आधी वाकले, ऐंशीच्या गुडघ्यांनी.

विहीर म्हणजे आता एक लोखंडी जाळी.
वर कुणाचं तरी पायपुसणं वाळत घातलेलं,
एक फुटकं हेल्मेट.
मी वहीत लिहिलं: व्यास अंदाजे बारा फूट, खडक काळा पाषाण.
वास लिहिला का? त्यांनी विचारलं.

मग सांगत गेले, आज्याचं ऐकलेलं, थोडं पदरचं घालून.
चैत्रातली पहाट. पोहरा वर आला
तर पाण्यावर मोरपीस पसरलेलं.
म्हैस प्यायली नाही.
काडी लावली, घागरीच्या तोंडाशी पाणी पेटलं.

आज्याचा घाणा करडईचा.
बैल दिवसभर फिरायचा तेव्हा पाच शेर,
आणि इथं धरणी फुकट देतेय!
बैल विकला.
ब्रह्मदेशात असं पाहिलेला एक साहेब आला,
टोपी काढून आत डोकावला.
तेवढ्यावर जमिनीचा भाव तिप्पट.
नऊ रात्री आळीतल्या कोनाड्याकोनाड्यात दिवा,
गोठ्यातसुद्धा.

दहाव्या दिवशी यार्डातला फिटर
पान्हा घेऊन आला
आणि वरच्या टाकीचा झिजलेला सांधा आवळून गेला.

मला हसू आलं. खोकल्यात लपवलं.
पुण्याच्या पोटात तेल कुठलं, हे मला
पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

फल्ले जाळीकडे बघत होते.
पुढं घाण्याला आज्या स्वतः लागला, म्हणाले.
पण त्या नऊ रात्री माझा बाप अक्षरं शिकला.
क पासून ढ पर्यंत.
मग तेल संपलं.
पलीकडची अक्षरं आलीच नाहीत कधी.
जन्मभर सही केली नुसती 'गजा'.
काना तेवढा मास्तरांनी वर दिला होता,
आडनाव पलीकडं राहिलं.

मी जाळीवर ओणवा झालो.
गंज, शेवाळ, पारव्यांची घाण.
खडा टाकला. बराच वेळ काही नाही,
मग जे वाजलं ते पाणी नव्हतं.

माझ्या छापील तक्त्यात शेवटचा रकाना होता: उत्पादन.
मी लिहिलं, क ते ढ.
खोडलं नाही.

भगदाडाशी आलो तर टँकरची मालगाडी चाललेली,
डबे संपेनात.
फल्ल्यांनी मान वर केली, म्हशीसारखी,
हुंगलं,
आणि म्हणाले, हे निराळं.