गुण

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपलं एकच टेबल,
मधे खडूची रेघ.
तुझ्या बाजूला पेन्सिली उंचीप्रमाणे,
माझ्या बाजूला चिंचोके, तर्रीचे डाग, एक मेलेला भुंगा.
पाहुणे तुझ्या वहीवरून हात फिरवायचे,
गुणी आहे हो थोरली.
माझ्याकडे चिवड्याची बशी तेवढी सरकवायचे.

आत्या म्हणायची, हिले काऊन कशाची हौस नाही वो?
आई म्हणायची, नाही ना. दिलं तर खाते, नाही दिलं तर मागत नाही.
नवी पाटली दाखवावी तसं म्हणायची.

काटोलहून मामा संत्री धाडायचा.
तू एकेका फोडीची पांढरी शीर न् शीर काढायचीस,
नखाला रस न लागू देता,
बशीच्या काठाने फोडी मांडायचीस घड्याळासारख्या,
आणि सगळं मनासारखं झालं की
बशी रेघेच्या अलीकडे ढकलायचीस.
खा गं. माझं झालं.
मी खायचे.
तुझ्या वाटच्या फोडींवर मी वाढले, मंजूषा,
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सुरू कधी झालं?
बोर्डात तीन गुण कमी पडले तेव्हा?
बाबांची भुसावळला बदली झाली आणि
घर सांभाळ हं, असं ते तुला एकटीलाच म्हणाले, तेव्हा?
आई तर सांगते,
पोटात असतानासुद्धा हिने लाथ मारली नाही.

मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं,
नुसती गरम हवा फेकणारा पत्रा,
आणि तू चादर लपेटून बसलेली.
थंडी वाजते म्हणालीस, तेही माफी मागितल्यासारखं.
आईला आधी वाटलं कावीळ.
मग दृष्ट.
मग पोरगा.

धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर पाठराबे बाईंनी
काय खातेस, हे विचारलंच नाही.
शेवटची चूक कधी केलीस, म्हणाल्या.
तू खूप वेळ छताकडे बघत राहिलीस.
मला कळत होतं,
तुला याचंही बरोबर उत्तर द्यायचं होतं.

गुण येईल ना हिला? आईनं विचारलं.
तो शब्द टेबलावर पडून राहिला,
पेपरवेट आणि वजनकाट्याच्या जाहिरातीच्या मधोमध.
आम्ही चौघी त्याच्याकडे बघत होतो.
येईल, बाई म्हणाल्या. वेळ लागेल. हट्ट नाही हा, आजार आहे.
तू पर्समधून वही काढलीस,
पट्टीनं समास आखलास, आणि विचारलंस,
साधारण किती दिवसांत बरं व्हायचं असतं?

मला हसू आलं. मग रिक्षात रडू.

माझं म्हणशील तर मी राग आला की खाते,
रात्री, फ्रिजच्या उजेडात उभी राहून,
कोणी पाहण्याआधी, चव कळण्याआधी.
त्याला आजार म्हटलं नाही कुणी.
गबाळी आहे धाकटी, एवढंच.
मला वही मिळालेली नाही अजून.

काल फुटाळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो.
मी संत्रं सोललं, माझ्या पद्धतीनं,
अर्ध्या साली तशाच, शिरा तशाच, एक फोड फुटलेली.
तीच तू उचललीस.
ओठांशी नेऊन थांबलीस, इतकी की
पलीकडचा फुगेवाला दोन गिऱ्हाईकं करून परत आला.
मी पाण्याकडे बघत राहिले. मोजलं नाही.
मग चावलीस,
आणि रस हनुवटीवरून थेट पांढऱ्या कुर्त्यावर.

डागाकडे पाहिलंस.
मला वाटलं, आता उठशील, नळ शोधशील.
उठलीस पण.
पण लगेच नाही.