सुनावणी

कसबा बावड्यात बाकावर बसलोय, अकरापासून.
शिपाई नाव पुकारतो म्हणे, केरबा ज्ञानू लोहार.
मला ऐकू येत नाही, म्हणून तर आलोय.
संयोगिता, सून, शेजारी आहे.
नाव आलं की कोपर मारेल.

अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवला,
कान तिथंच गेले, बिडाच्या चुऱ्यात.
त्याची तक्रार नाही.
कापूस घातला तर हसायचे लोक.

मग पोरानं कानातली यंत्रं आणली,
जोडी एक्केचाळीस हजार, मोबाईलवरनं चालणारी.
शाहूपुरीतल्या दुकानात पोरीनं स्क्रीनवर बोट फिरवलं
आणि तिच्या हातातली कागदाची पिशवी वाजली.
एवढा आवाज असतो कागदाला?
घरी येऊन नुसता नळ सोडून बसलो.
मंडळी ओरडली पाण्यावरनं.
तेही ऐकलं.

अडीच वर्षं.

मग मोबाईलवर एक ओळ:
या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे. धन्यवाद.
ॲप उघडेना.
यंत्र धड, बॅटरी धड,
पण सगळं एकाच मापाचं झालं,
भांडी, पंखा, भाऊबंदांची भांडणं
आणि नातीचं 'आज्जा'.

भिंगाखाली खोलून बघितलं.
माझ्या बापाच्या वेळचं ऑइल इंजिन आणा,
कंपनी बुडालेली असू दे, नकाशा नसू दे,
झिजलेल्या बुशवरनं नवं बुश काढून देतो,
एका थाऊचा फरक सापडला तर पैसे परत.
ह्यात झिजलेलं काहीच नाही.
जे बंद पडलंय ते ह्याच्यात नाहीच,
ते कुठं आहे त्याचा पत्ताही बिलावर नाही.
तिथवर माझा चिमटा पोचत नाही.

संयोगितानं अर्जात भरपाई मागितलीय.
मी खाली दोन ओळी घालायला लावल्या.
दुधाच्या पिशवीवर तारीख असते, तशी खोक्यावर छापा,
कधीपर्यंत सांभाळणार ते घेतानाच कळू दे.
आणि सोडून जाताना किल्ली ठेवून जावा,
उघडणारं कुणीतरी निघेल गावात.

कोपर बसलं.

आत कंपनीचा वकील बोलतोय, पुण्यासनं आलेला.
ओठांवरनं एवढंच वाचता आलं,
'अटी व शर्ती', तीनदा.
मधल्या मॅडम माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाल्या.
सगळे थांबले.
सून कानाशी वाकून ओरडली,
"मामा, विचारतायत, तुमचं म्हणणं काय?"

रात्रभर घोकलेलं सगळं गेलं डोक्यातनं.
खोक्यावरचं तेवढं आठवलं.
उभा राहिलो आणि म्हटलं,
जरा मोठ्यानंच गेलं असेल,
"तारीख द्या!"

कोपऱ्यातल्या कारकुनानं मान हलवली
आणि लगेच लिहून दिली,
पुढच्या महिन्याची.